स्तनाचा कर्करोग: रिपोर्टमधील ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे वाईटच का? समजून घ्या

स्तनातील गाठीच्या बायोप्सीचा रिपोर्ट अनेकदा डॉक्टरांच्या भेटीआधीच मोबाइलवर येतो. त्यात ‘पॉझिटिव्ह’ दिसले की घरच्यांचा धीर सुटतो. मात्र या आजारात एखादे ‘पॉझिटिव्ह’ दिलासाही देते.

ईआर, पीआर म्हणजे काय?
गाठीच्या पेशी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांवर वाढतात का, हे या चाचण्या सांगतात. एक टक्का पेशींत ईआर आढळले तरी रिपोर्ट पॉझिटिव्ह धरला जातो. अशा रुग्णांना टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्यांचा पर्याय मिळतो. त्या साधारण ५ वर्षे किंवा अधिक काळ घ्याव्या लागतात.

हर-टू आणि केआय-६७?
हर-टू प्रथिनाला ० ते ३+ असे गुण देतात. ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ आल्यास ‘फिश’ चाचणी करून खात्री केली जाते. एकेकाळी हर-टू पॉझिटिव्ह हा अतिशय धोकादायक प्रकार मानला जाई. अमेरिकेत १९९८ मध्ये मंजूर झालेल्या ट्रास्टुझुमॅब औषधाने हे चित्र बदलले. केआय-६७ हे किती टक्के पेशी विभाजित होत आहेत ते सांगते. मात्र प्रयोगशाळेनुसार मोजणीत फरक पडत असल्याने केवळ त्यावरून निर्णय घेत नाहीत.
तिन्ही निगेटिव्ह असल्यास ‘ट्रिपल निगेटिव्ह’ म्हणतात. तिथे संप्रेरकांच्या गोळ्या उपयोगी पडत नाहीत, केमोथेरपीवर भर असतो.

केमो प्रत्येकीला लागते का?
नाही. ‘ऑन्कोटाइप डीएक्स’ ही चाचणी गाठीतील २१ जनुके तपासून ० ते १०० गुण देते. ‘टेलरएक्स’ या अभ्यासात १० हजार २७३ महिला होत्या. सगळ्या संप्रेरक पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आणि काखेतील गाठींपर्यंत आजार न पोहोचलेल्या. २०१८ मधील निष्कर्षांनुसार, ११ ते २५ गुण असलेल्यांपैकी फक्त गोळ्या घेणाऱ्या ९३.९ टक्के, तर केमोही घेतलेल्या ९३.८ टक्के महिला ९ वर्षांनी हयात होत्या. पन्नाशीच्या आतील, १६ ते २५ गुणांच्या महिलांना मात्र केमोचा काही फायदा दिसला.

टक्केवारी कशी वाचायची?
ब्रिटनमधील ‘प्रेडिक्ट’ हे ऑनलाइन साधन वय, गाठीचा आकार, ग्रेड, काखेतील गाठी आणि बायोमार्कर यांवरून अंदाज देते. ‘१० वर्षांनी ९० टक्के’ याचा अर्थ, अशाच १०० महिलांपैकी सुमारे ९० हयात असतील. तुमची आई किंवा बहीण त्यांत असेल की नाही, हे तो आकडा सांगत नाही. शिवाय हे साधन मूळ ब्रिटिश रुग्णांच्या नोंदींवर बेतलेले आहे.

डॉक्टरांना काय विचाराल?
‘किती वर्षे?’ या प्रश्नासोबतच हेही विचारा: आजाराचा प्रकार कोणता? गोळ्यांचा उपयोग होईल का? केमो घेतल्याने नेमका किती टक्के फायदा वाढेल?