संरचनात्मक इपॉक्सी आसंजकांचे यांत्रिक वर्तन व तापमान

पोलाद, काँक्रीट इत्यादी पदार्थ सांधून त्यांच्यामधून भार वाहून नेण्याकरिता इपॉक्सी आसंजकांचा, म्हणजे राळ व दृढक यांच्या मिश्रणापासून होणाऱ्या चिकटद्रव्यांचा, उपयोग करण्यात येतो. अशा आसंजकाचे बल दर्शविणारा आकडा बहुधा २३° सें. च्या सुमारास घेतलेल्या अल्पकालीन चाचणीतून मिळालेला असतो. केवळ त्यावर विसंबून सांध्याची योग्यता ठरविणे धोक्याचे का आहे, हे आसंजकाच्या अंतर्रचनेवरून ध्यानात येते.

दृढीभवनात राळेचे रेणू परस्परांशी बांधले जाऊन त्यांचे जाळे बनते. या जाळ्यामुळे इपॉक्सी तापविले तरी वितळत नाही. परंतु एका विशिष्ट तापमान-पट्ट्यात रेणुसाखळ्यांचे भाग हालचालीस मोकळे होतात आणि काचेसारखा कठीण पदार्थ रबरासारखा मऊ होतो. यालाच काच-संक्रमण म्हणतात. संक्रमणापूर्वी शुद्ध इपॉक्सीचा स्थितिस्थापकता-गुणांक साधारणतः ३ गिगापास्कल असतो. संक्रमणानंतर तो त्याच्या सुमारे एक शतांशावर येतो.

जाळे दाट होत जाते तसे संक्रमण-तापमान वाढते. ते भोवतालच्या तापमानापुढे गेले की रेणूंची हालचाल गोठून रासायनिक क्रिया मंदावते. म्हणून बाह्य उष्णतेवाचून दृढ होणाऱ्या अनेक आसंजकांचे संक्रमण ४५° ते ६५° सें. च्या दरम्यानच घडते. शोषलेला ओलावा ही मर्यादा आणखी खाली आणतो. विदर्भातील उन्हाळ्यात हवेचेच तापमान ४५° सें. च्या वर जाते आणि उन्हातील पोलाद त्याहूनही तापते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्यांचे गांभीर्य कळते. नंतर उष्णता देऊन संक्रमण-तापमान वाढविता येते. मात्र मोठ्या बांधकामावर हे सुकर नसते.

थंडीत आसंजक ताठर, पण ठिसूळ होते. शिवाय इपॉक्सीचे आकुंचन पोलादाच्या चौपटीहून अधिक असल्याने सांध्यात अंतर्गत प्रतिबले निर्माण होतात.

तापमानाइतकेच महत्त्व काळाला आहे. संक्रमणाच्या खालीही सततच्या भाराने विकृती हळूहळू वाढत जाते. हे विसर्पण उष्णतेने शीघ्र होते. म्हणजे उष्णतेत अल्पावधीत दिसणारा परिणाम थंड स्थितीत दीर्घकाळाने प्रकट होतो. संक्रमणावरील पट्ट्यापुरते हे तुल्यत्व विल्यम्स, लँडेल व फेरी यांनी १९५५ साली समीकरणात मांडले.

१० जुलै २००६ रोजी बोस्टन येथील महामार्ग-बोगद्यात छताचे काँक्रीट फलक मोटारीवर कोसळून एका स्त्रीचा मृत्यू झाला. फलक टांगणारे बोल्ट छिद्रांत इपॉक्सीने बसविलेले होते. अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने २००७ साली दोष दिला तो उष्णतेला नव्हे, तर विसर्पणास पुरेसा प्रतिकार न करणाऱ्या आसंजकाच्या निवडीला. अल्पकालीन ओढ-चाचणीत असा दोष उघड होत नाही.

तात्पर्य, आसंजकाची निवड करताना तात्कालिक बलाबरोबरच आर्द्र स्थितीतील संक्रमण-तापमान आणि प्रत्यक्ष वापराच्या कमाल तापमानात सतत भाराखाली होणारे विसर्पण, ही दोन्ही मोजली पाहिजेत. संक्रमण-तापमान व वापराचे तापमान यांत निदान १५° सें. चे अंतर राखणे हा त्यातील पहिला नियम होय.