गाडी पन्नासच्या पुढे खटखट करते? इंजिन खोलायच्या आधी आवाज कुणाचा ते ओळखा

प्रतिनिधी :

गावाकडं मोटारसायकल ही आता फिरायची वस्तू राहिलेली नाही. पहाटे डेअरीला दुधाचे कॅन, दुपारी वैरणीचा भारा, बाजारच्या दिवशी तिघं जण, सगळं तिच्यावरच. अशी गाडी एक दिवस पन्नास-पंचावन्नला गेली की खालून खटखट करायला लागते, फूटरेस्टला आणि सीटला हादरे बसतात. हळू चालवली की काहीच जाणवत नाही. गॅरेजला न्यावी तर मिस्त्री जागेवर रेस करून म्हणतो, आवाज कुठंय? दुसऱ्याकडं नेली की तो सांगतो, इंजिन काम निघालंय.

इथंच शेतकऱ्याचा खिसा कापला जातो. फक्त वेगात येणारी खटखट बऱ्याच वेळा इंजिनची नसतेच, चेनची नाहीतर चाकाची असते. इंजिन काम म्हटलं की हजारांत जातं आणि चार दिवस गाडी उभी राहते. त्यात इंजिन उघडून बांधलं तरी खटखट तशीच राहिली की माणूस डोक्याला हात लावतो. उलट बाजू त्याहून वाईट. "इंजिन ठीक आहे ना, मग चालू द्या" म्हणून सोडून दिलेला हादरा फुगा आलेल्या टायरचा निघाला, तर तो भर रस्त्यात फुटतो.

म्हणून पहिला प्रश्न एकच. ठोका इंजिनबरोबर चालतो की चाकाबरोबर?

हे कळायला पाना लागत नाही. मोकळा, सरळ रस्ता बघा, मागून कुणी येत नाही ना ते बघा, हेल्मेट घाला. ज्या वेगाला खटखट येते त्या वेगाला गाडी न्या आणि रेस सोडून क्लच पूर्ण दाबा. चावी बंद करू नका. आता इंजिन मोकळं झालं, गाडी नुसती गळतीवर चाललीय. ठोका तसाच राहिला आणि वेग उतरेल तसा सावकाश होत गेला तर तो चाकाचा, टायरचा किंवा बेअरिंगचा. क्लच दाबताच ठोका गायब झाला तर इंजिन किंवा ओढ घेणारी चेन. रेस दिली-सोडली की आवाज बदलतो, "खट्‌" करून झटका बसतो, तर चेन आणि मागच्या हबमधले रबर यांच्यावर संशय धरा.

दुसरी चाचणी गिअरची. टॉपमध्ये चाळीसला हादरा येत असेल तर त्याच चाळीसला एक गिअर खाली टाकून बघा. इंजिन जोरात फिरायला लागतं, चाक मात्र तेवढंच फिरतं. ठोक्याचा ताल बदलला नाही तर इंजिनला कशाला बोल लावायचा?

आता थोडा हिशोब. आपल्या १०० सीसी गाड्यांच्या १८ इंची मागच्या टायरचा घेर साधारण १ मीटर ९० सेंटिमीटर. गाडी ताशी २० किलोमीटरला असताना चाकाचे सेकंदाला जवळजवळ तीन फेरे होतात, साठला साडेआठ ते नऊ. चेन त्याहून सावकाश फिरते. समजा मागच्या चक्राला ४२ दाते आणि चेनला ११० कड्या असतील, तर चाकाचे अडीचपेक्षा थोडे जास्त फेरे होतात तेव्हा चेनचा एक फेरा होतो. म्हणजे वीसच्या वेगाला सेकंदाला एकदाच "खट" होत असेल तर चेनची एखादी कडी जाम आहे. सेकंदाला तीनदा होत असेल तर चाक. इंजिन साठच्या वेगाला मिनिटाला पाच हजारांच्या पुढेमागे फिरतं, म्हणजे सेकंदाला ऐंशी फेरे. ते मोजता येत नाही, हातापायाला मुंग्या आल्यासारखी नुसती झणझण लागते. वेगात ठळक असलेला ठोका हळू चालवतानाही बारीक का होईना फूटरेस्टला लागतो, लक्ष देऊन मोजा.

चेनचं जरा सविस्तर सांगतो, कारण आपल्याकडं सगळ्यात जास्त घोळ तिथंच असतो. चेन बंद कव्हरच्या आत असते, त्यामुळं दिसत नाही आणि दिसत नाही म्हणून विसरली जाते. ढिली झाली की वेगात ती उसळते आणि कव्हरच्या पत्र्यावर आपटते. आतून कुणीतरी हातोडी मारतंय असा आवाज येतो. कव्हरला खालच्या बाजूला एक रबरी बूच असतं, ते काढा. इंजिन बंद, गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. बोट किंवा काडी घालून चेन वर-खाली हलवा. बऱ्याच १००-१२५ सीसी गाड्यांना २० ते ३० मिलिमीटर ढील लागते, तुमच्या गाडीचा नेमका आकडा कंपनीच्या पुस्तकात असतो. चाक हाताने थोडं थोडं फिरवत चार-पाच ठिकाणी ढील बघा. एका जागी गच्च आणि एका जागी लोंबती लागली तर चेन असमान ताणली गेलीय. मग ती आवळून भागत नाही, दोन्ही चक्रांसकट पूर्ण सेट बदलावा लागतो. नुसती चेन नवी टाकली आणि चक्राचे दाते वाकडे झालेले तसेच ठेवले तर नवी चेनही लवकर जाते. चेन बघताना इंजिन चालू करून गिअरमध्ये टाकायची नाही. चालत्या चेनमध्ये बोट गेलं की तुटतं.

आणखी एक गोष्ट दूधवाल्यांनी ध्यानात घ्यावी. चेन मोकळ्या गाडीवर सेट होते, पण गाडी चालते लोड घेऊन. मागं ४० लिटरचे दोन कॅन बसले की शॉकअप दबतो, चाक वर सरकतं आणि चेन ताणली जाते. "आवाज येतोय, गच्च करून द्या" असं सांगून मोकळ्या गाडीवर आवळलेली चेन कॅन भरल्यावर तारेसारखी ताठ होते, मग खटखट नाही पण घरघर लागते आणि मागचे बेअरिंग, इंजिनाच्या बाजूचं छोटं चक्र सगळंच खराब होतं. आमच्या भागातल्या एका दूध घालणाऱ्या तरुणाला क्रँकचं काम सांगितलं होतं. त्याच्या गाडीला सकाळी भरून जाताना आवाज आणि रिकामी येताना शांतता, हे कुणी विचारलंच नव्हतं. चेन सेट बदलला, ढील लोड धरून ठेवली, क्रँकला हात लागला नाही.

चाकाचं तपासणं सोपं. टायरवर हात फिरवा, फुगा लागतो का बघा. खड्ड्यात जोरात आदळल्यावर आतले धागे तुटतात आणि तिथं टायर फुगतो. रिमोल्ड टायरची वरची पट्टी सुटू लागली तरी असाच धपधप हादरा येतो. अशा टायरवर गाडी पुढं न्यायची नाही, मग बाजार असो नाहीतर लग्न. टायरच्या बाजूला चार आकडी नंबर असतो, २३१९ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. जुना टायर घेताना तो वाचा. चाक दोन्ही हातांनी धरून आडवं हलवा, खटखट लागली तर बेअरिंग गेलं. फिरवताना रिम एका बाजूला पळत असेल तर आऊट आहे.

हँडल थरथरत असेल तर पुढचं चाक आणि कोनसेट बघायला सांगा, बाकी त्यात विशेष काही नाही.

मिस्त्रीला सांगताना मात्र "आवाज येतो" एवढंच सांगू नका. कधीपासून येतो ते सांगा. पंक्चर काढल्यापासून येत असेल तर टायर रिमवर नीट बसला नसेल, एक्सलचा नट ढिला असेल. मागच्या ड्रमला धरणारा ब्रेकचा रॉड आणि त्याची पिन परत बसवली का, हे स्वतः वाकून बघा. तो रॉड सुटला आणि ब्रेक दाबला तर ड्रमची प्लेट फिरून चाक जाम होऊ शकतं.

या सगळ्यात काही सापडलं नाही आणि जागेवर न्यूट्रलमध्ये रेस केल्यावरही ठोका येतो, तर इंजिनकडं वळा. त्यातही आधी फाउंडेशनचे बोल्ट आणि सायलेन्सरचे नट. मग ऑइल. या इंजिनांत ते साधारण लिटरभरच असतं, त्यातलं पावशेर-अर्धा शेर जळून गेलं तरी फरक पडतो. चढाला मोठ्या गिअरमध्ये दाबून नेताना टकटक होत असेल तर एक गिअर कमी करून बघा. पण जागेवरच, खालून, लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा जड ठोका आला तर तो कनेक्टिंग रॉडचा असू शकतो. मग गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टेम्पोत टाकून न्या, आणि काम झाल्यावर काढलेले जुने पार्ट मागून घ्या.