मडगावची गाडी आणि मुंबईची कूड

धारवाडच्या कर्नाटक कॉलेजची मुख्य इमारत ही मूळची सदर्न मराठा रेल्वेची कचेरी होय, ही गोष्ट तेथे शिकून गेलेल्यांपैकीही थोड्यांच्याच ध्यानात असते. 1908 साली ती कंपनी मद्रास रेल्वेशी एक झाली, मुख्य कारभार मद्रासकडे गेला आणि ती वास्तू पुढे विद्येच्या कामी आली. त्याच कंपनीचे रूळ हुबळीहून धारवाड, अळणावर करीत लोंढ्यास जातात. तेथून एक वाट बेळगाव-मिरजेकडे वळते, तर दुसरी कॅसलरॉकचा घाट उतरून गोव्यात शिरते. घाटाची ही लोहवाट 1888 साली सुरू झाली. हुबळी-धारवाडकडचा कापूस मुरगाव बंदरात नेऊन जहाजावर चढवावा, हा ती बांधण्यामागचा एक मोठा हेतू होता. कापूस खाली उतरू लागला आणि त्याच वाटेने गोव्याची माणसे वर चढू लागली.

ही माणसे बहुतेक साष्टी-बार्देशातील ख्रिस्ती तरुण असत. घरची जमीन तुटपुंजी आणि गावात रोजगार नाही. मुंबईत मात्र आचारी, खानसामे, शिंपी व वाजंत्री यांना काम मिळे, आणि परदेशी जहाजांवर खलाशांची भरती होई. गोवा पोर्तुगालच्या अमलाखाली असल्यामुळे मुंबई हा त्यांच्या लेखी परमुलूख होता. पणजीहून आगबोट होती, पण पावसाळ्यात दर्या खवळला की ती बंद राही. मग घाटाच्या गाडीवाचून गत्यंतर नसे.

कुळ्यापासून कॅसलरॉकपर्यंतचे सुमारे 26 किलोमीटरचे अंतर चढताना इंजिनास धाप लागे. चढ 37 फुटांस एक फूट, आणि वाटेत बोगद्यांमागून बोगदे. खिडकी उघडावी तर धूर, मिटावी तर उकाडा. मध्येच दूधसागराचा धबधबा इतक्या जवळून जाई की त्याचे तुषार डब्यात येत. घाटाचे नाव ब्रागांझा. पोर्तुगालच्या ज्या राजकुळाचे हे नाव, त्याच कुळातील राजकन्या कॅथरिन हिच्या विवाहाच्या 1661 सालच्या तहात मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली होती. घाट चढणाऱ्या तरुणास एवढा इतिहास कोठला ठाऊक असणार! त्याचे लक्ष पेटीकडे लागलेले असे, कारण कॅसलरॉकला जकातीची तपासणी होई. पेट्या उघडावयाच्या, कपडे उलगडावयाचे, आईने बांधून दिलेल्या जिनसा परक्या अंमलदारापुढे मांडावयाच्या. काजूच्या दारूची बाटली निघाली की घासाघीस ठरलेली. लोंढ्यास उत्तरेकडची गाडी, मग बेळगाव, मिरज आणि पुणे. पुण्यास मीटर गेज संपत असल्यामुळे सामान डोक्यावर घेऊन पुन्हा गाडी बदलावी लागे. ज्याने पूर्वी गावाबाहेर पाऊल टाकले नव्हते, तो एक अख्खी रात्र आणि दिवसाचा मोठा भाग बाकावर अवघडून बोरीबंदरला उतरे. भाषा निराळी, गर्दी अफाट, आणि हातात कोणीतरी लिहून दिलेली पत्त्याची चिठ्ठी.

ती चिठ्ठी कुडीची असे. मराठीत ‘कूड’ म्हणजे काटक्या-मातीची भिंत. कोंकणीत त्याच शब्दाचा अर्थ खोली असा होतो, आणि देह असाही होतो. मुंबईत धोबीतलाव, माझगाव, डाबूल या भागांत गोव्याच्या एकेका गावाने भाड्याची जागा घेऊन आपल्या माणसांसाठी कूड चालविली होती. धोबीतलावच्या एकट्या जेर महाल इमारतीत अशा कितीतरी कुडी होत्या. बोरीबंदराहून तेथवर पायी जाता येते.

कुडीत खाट मिळण्याची हमी नसे. भिंतीलगत ओळीने मांडलेल्या लाकडी पेट्यांत एक पेटी आपली, आणि रात्री चटई पसरण्यापुरती जमीन आपली. मासिक वर्गणी अगदी थोडी. एका बाजूस वेदी, तीवर गावच्या चर्चच्या आश्रयदात्या संताची मूर्ती. सायंकाळी तिच्यापुढे जपमाळेची प्रार्थना होई, जिला गोव्यात ‘तेर्स’ म्हणतात. ठरलेल्या वेळी उपस्थित राहणे हा पाहुणचाराचा भाग नव्हे, नियम होता. नियमांची यादी भिंतीवर लावलेली असे आणि त्यांचा अंमल करण्यास सदस्यांनीच निवडलेला व्यवस्थापक असे. नवख्यास नोकरी मिळेपर्यंत जेवणाचे कोणी पाही, जहाजाच्या भरतीची बातमी कोणी आणी, आजाऱ्याजवळ कोणी बसे. वर्षभर समुद्रावर राहून परतलेला खलाशीही आधी येथेच येई. बंदरावरून तो थेट जिना चढे. पेटी जागच्या जागी असे, वेदीवरचा संत तोच असे, आणि बोली गावची. गाव अद्याप एका दिवसाच्या वाटेवर असले, तरी शीण तेथेच उतरे.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कुडीत स्त्रियांना राहता येत नसे. आया म्हणून मुंबईस येणाऱ्या गोव्याच्या बाईला मालकिणीचे घर सुटले की दुसरे छप्पर शोधावे लागे, आणि तिची ही अडचण गावाने फारशी मनावर घेतलेली दिसत नाही. काही गावांच्या कुडी वाड्यांप्रमाणे, जातींप्रमाणे वेगळ्या होत्या. घाट ओलांडून आलेल्या पेटीतून हेही सामान आलेच होते, आणि ते कोणत्याही जकातीवर अडविले गेले नाही.

1955 साली सत्याग्रहींवर झालेल्या गोळीबारानंतर भारताने गोव्याची सीमा बंद केली आणि घाटाची गाडी थांबली. त्यानंतर परवाना मिळालेले प्रवासी कारवारजवळ माजाळी आणि पोळे यांच्यामधला पट्टा सामानासकट पायी ओलांडीत. पुढे अरबैल घाट चढून यल्लापूरमार्गे हुबळीस येऊन गाडी धरणे, हा एक मार्ग होता. सहा वर्षे ही ओढाताण चालली. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला, आणि मुंबई परमुलूख राहिली नाही.

1998 साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यापासून मडगावचा मुंबईकर समुद्रकाठाने जातो. हुबळी, लोंढा त्याच्या वाटेवर येत नाहीत. इकडे हुबळीच्या स्थानकास सिद्धारूढ स्वामींचे नाव लाभले आहे, आणि 2023 साली तेथे 1,507 मीटर लांबीचा फलाट झाला. मुंबईतील कुडी मात्र ओसरत चालल्या आहेत. पुष्कळांच्या इमारती जुन्या झाल्या, भाडी जुन्या काळची आणि जागांचे मोल आजचे. त्यामुळे घरमालकांची नजर त्यांवर आहे. गावाकडे चांगली घरे झाली, मुले शिकून दूर गेली. तरीही कागदपत्रे किंवा वैद्यकीय तपासणी करून घेण्यास गोव्याहून आलेला एखादा तरुण खलाशी चार दिवस तेथे उतरतो. पेट्यांच्या ओळीत त्याच्या आजोबांची पेटी असते. कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, ते व्यवस्थापकास विचारावे लागते.