वादळाआधीची नोंद

वैशाख सरत आला की बारामती आणि इंदापूरच्या आकाशात दुपारनंतर वळवाचे ढग जमू लागतात. हे दोन्ही तालुके अवर्षणप्रवण खरे. पण वळवाचा वारा क्षणात उग्र होतो. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी कुगाव आणि कळाशी यांदरम्यान उजनी जलाशयात वादळी वाऱ्याने बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस बारामती व इंदापूर तालुक्यांत अतिवृष्टी झाली आणि नीरा डावा कालवा फुटला. घराच्या विम्याचा विचार या भागात आता टाळण्याजोगा राहिलेला नाही.

आपल्या व्यापारी कुटुंबांची घरे बहुधा बाजारपेठेत असतात. खाली दुकान, वर निवास, गच्चीवर पत्र्याची शेड, पावसाचा मारा अडवण्यासाठी भिंतीला लावलेले उभे पत्रे आणि अलीकडे दर्शनी भागावर एसीपीची सजावट. वारा प्रथम यांनाच धरतो. पत्र्याच्या कडेखाली तो शिरला आणि हुक सैल असले, की सारी रांग उचलली जाते. मागोमाग पाऊस घरात आणि मालावर उतरतो.

अशा वेळी तलाठ्यांचा पंचनामा होतो. मात्र शासकीय मदतीला मर्यादा आहे. २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेल्या केंद्रीय निकषांनुसार किमान १५ टक्के पडझड झालेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये आणि सपाट प्रदेशात पूर्ण नष्ट झालेल्या घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात. हा आधार आहे, भरपाई नव्हे.

भरपाईसाठी विमा हवा. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी लागू केली. आग, वीज, भूकंप, वादळ आणि पूर यांनी होणारे नुकसान तिच्यात मुळातच समाविष्ट आहे. कुंपणभिंत, फाटक, पाण्याची पक्की टाकी आणि सौर पॅनेल हेही घराचाच भाग मानले जातात. विमा रक्कम जागेच्या बाजारभावावर नव्हे, तर बांधकामाच्या खर्चावर ठरते. १,२०० चौरस फूट चटई क्षेत्र आणि २,००० रुपये दर धरला, तर ती २४ लाख रुपये होईल. घरातील सामानासाठी याच रकमेच्या २० टक्के, म्हणजे ४ लाख ८० हजारांचे संरक्षण आपोआप मिळते. त्याची कमाल मर्यादा १० लाख रुपये आहे. दागिन्यांसाठी मात्र वेगळी तरतूद करावी लागते.

खरी अडचण इथून पुढे आहे. ही पॉलिसी निवासाची आहे. तळमजल्यावरचे दुकान आणि त्यातील माल तिच्यात येत नाही. त्यासाठी, एका ठिकाणची मालमत्ता ५ कोटी रुपयांपर्यंत असल्यास, ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ घ्यावी लागते. तेथे हप्ता वाचवण्यासाठी मालाची किंमत कमी दाखवण्याची सवय महागात पडते. ही तफावत १५ टक्क्यांपर्यंत असेल तर ती सोडून दिली जाते. परंतु ४० लाखांच्या मालाचा २० लाखांचाच विमा असेल, तर ४ लाखांच्या नुकसानीपोटी सुमारे २ लाखच हाती येतात.

गच्चीवरील शेड, भिंतीचे पत्रे आणि एसीपी यांची नोंद प्रस्तावातच करून घ्यावी. गंजलेला पत्रा, जुनी गळती, सदोष बांधणी हे झीज म्हणून वगळले जाते. म्हणून चैत्रात हुक आवळून घ्यावेत, छायाचित्रे काढावीत आणि कारागिराचे बिल जपावे. गृहकर्जासोबत घेतलेला विमा कर्जदाराच्या जिवाचा आहे की वास्तूचा, हेही वाचून पाहावे. नुकसान झाल्यावर कंपनीला तत्काळ कळवावे, आणखी पाणी शिरू नये म्हणून ताडपत्री घालावी. पण सर्वेक्षक येण्यापूर्वी तुटलेले पत्रे भंगारात देऊ नयेत. दावा अमान्य झाला किंवा कंपनीने तक्रारीला महिनाभरात उत्तर दिले नाही, तर पुण्यातील विमा लोकपालांकडे विनाशुल्क दाद मागता येते. ही मुभा एक वर्षाची, तर लोकपालांची मर्यादा ५० लाख रुपयांची आहे.

श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात, परिग्रहपरिमाणात, क्षेत्र आणि वास्तू यांचे माप आरंभीच येते. आपल्याकडे काय आहे आणि किती आहे हे ठाऊक नसेल, तर मर्यादा तरी कशाला घालणार? विमाही हेच मागतो. तत्त्वार्थसूत्रात ‘कूटलेखक्रिया’, म्हणजे खोटा लेख करणे, हा सत्याणुव्रताचा अतिचार सांगितला आहे. विमा घेताना मालाची किंमत लपवणे आणि दाव्याच्या वेळी वाढीव बिल जोडणे, ही दोन्ही त्याचीच रूपे. त्यातले पहिले कुटुंबाला भरपाईपासून वंचित करते. दुसरे दावाही घालवते आणि पिढ्यांची पतही.

दिवाळीत नव्या वहीचे पूजन होते. त्या वहीत एक पान वास्तूसाठी राखावे: चटई क्षेत्र, पत्र्यांचे वर्ष, मालाची सरासरी किंमत, पॉलिसी क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख. ते पान घरातील गृहिणीला आणि मुलांनाही ठाऊक असावे. वादळ कोणाची वाट पाहत नाही. वही मात्र आधीच लिहिता येते.