फॉर्ममध्ये जीडी, मनात टेक्निकल: निवड झाल्यावर ट्रेड बदलता येतो का?

अलिबागजवळच्या नागावच्या पुळणीवर ओहोटी लागली की वाळू घट्ट होते आणि सैन्यभरतीची तयारी करणारी मुलं तिथे सोळाशे मीटर मारायला उतरतात. साडेपाच मिनिटांच्या आत आलं तर पैकीच्या पैकी ६० गुण, दहा पुलअप्सचे ४०, हा हिशेब त्यांना झोपेतही पाठ असतो. जीडी (जनरल ड्युटी) भरायचं की टेक्निकल, क्लार्क की ट्रेड्समन, हा प्रश्न मात्र बऱ्याचदा फॉर्म भरून देणाऱ्याच्या खुर्चीशेजारी उभ्या उभ्या सुटतो. मित्राने भरलं तेच भरलं जातं. पुढे यादीत नाव लागतं, घरी पेढे येतात आणि मग एखादा काका विचारतो, "अरे, तू आयटीआय केलेला मुलगा, जीडीत कशाला चाललास? ट्रेनिंग सुरू व्हायच्या आत बदलून घे की."

काकांच्या सांगण्यात माया असते, पण माहिती चुकीची असते. आणि या चुकीच्या माहितीवर मुलं निवांत राहतात, हे मला जास्त काळजीचं वाटतं.

"यादीत नाव लागलं की एकदा बदल मागता येतो"

येत नाही. १४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. तिच्याखालची लष्कराची भरती प्रवर्गांमध्ये विभागलेली आहे: जनरल ड्युटी, टेक्निकल, क्लार्क/स्टोअर कीपर टेक्निकल, आणि दहावी व आठवी उत्तीर्णांसाठीचे ट्रेड्समन. प्रवर्ग ऑनलाइन नोंदणीच्या वेळीच निवडायचा असतो. त्याप्रमाणे अ‍ॅडमिट कार्ड निघतं, त्याप्रमाणे प्रश्नपत्रिका येते आणि शेवटची गुणवत्ता यादीही प्रवर्गनिहाय लागते. म्हणजे जीडीच्या यादीतून क्लार्कच्या यादीत जायचं तर जी परीक्षा दिलीच नाही तिच्या यादीत नाव घालायला सांगणं झालं.

प्रवर्गांच्या अटीही एकमेकींशी जुळत नाहीत. जीडीला दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ टक्के लागतात. क्लार्कला बारावीत एकूण ६० टक्के आणि प्रत्येक विषयात ५० टक्के, त्यात इंग्रजीत आणि गणित किंवा अकाउंट्स/बुक-कीपिंगमध्ये ५०-५० टक्के तर हवेतच. २०२४ पासून क्लार्कसाठी टायपिंगची चाचणीही आली. महाराष्ट्रातल्या सर्वसाधारण उमेदवाराची उंची जीडीसाठी १६८ सेंटीमीटर लागते, क्लार्कसाठी १६२ चालते. १६५ सेंटीमीटरचा, बारावी कॉमर्सला ६५ टक्के मिळवलेला आणि इंग्रजी-अकाउंट्ससह प्रत्येक विषयात पन्नाशी पार केलेला मुलगा क्लार्कच्या अटींत बसतो, पण जीडीच्या मोजपट्टीखालीच अडकतो. असा मुलगा मित्राचं बघून जीडी भरतो तेव्हा त्याचं वर्ष अर्ज भरायच्या दिवशीच वाया गेलेलं असतं.

काकांच्या त्या आयटीआयवाल्या पुतण्याचं काय? सैन्याने मान्य केलेल्या ट्रेडमध्ये दोन वर्षांचा आयटीआय केलेला आणि दहावीच्या गुणांची अट पूर्ण करणारा मुलगा टेक्निकलसाठी पात्र ठरतो, आणि आयटीआय-डिप्लोमाचे जादा गुणही मिळतात. त्याचा मार्ग होता, फक्त तो फॉर्मच्या पानावर होता. २०२५ च्या भरतीपासून तर एकाच उमेदवाराला दोन प्रवर्गांसाठी अर्ज करायची मुभा मिळाली. ज्याला 'नंतर बदलू' असं वाटतं त्याच्यासाठी खरी सोय हीच आहे. दोन्ही प्रवर्ग आधीच भरावेत, दोन्हींची परीक्षा द्यावी. परीक्षा १३ भाषांत होते आणि त्यात मराठी आहे.

"अमेरिकेत तर बदलता येतं"

हे अर्धं खरं आहे आणि गोंधळाचं एक मूळही इथेच आहे. अलिबाग-रेवदंडा रस्त्यावरच्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी परदेशात असतं. तिकडचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड असलेली मराठी मुलंही अमेरिकी सैन्यात जातात आणि त्यांचे अनुभव फोनवरून इथे पोचतात. तिथली पद्धत निराळी आहे. भरतीच्या दिवशी शपथ होते, करारावर सही होते आणि कोणतं काम मिळणार हे बहुतेक वेळा कराराच्या जोडपत्रात लिहिलेलं असतं. पण मुलगा लगेच प्रशिक्षणाला जात नाही. तो 'डिलेड एंट्री प्रोग्रॅम'मध्ये घरीच राहतो आणि हा काळ ३६५ दिवसांपर्यंत असू शकतो. निघायच्या दिवशी पुन्हा शपथ होते.

या मधल्या महिन्यांत काम बदलून मागता येतं, त्यासाठी नवा करार करावा लागतो. मात्र तो हक्क नाही. जागा रिकामी हवी, चाचणीतले गुण पुरेसे हवेत आणि सैन्याने हो म्हणायला हवं. उमेदवाराच्या हातात एक गोष्ट असते: निघायच्या आधी त्याने नकार दिला तर त्याला शिक्षा होत नाही, म्हणून त्याच्या मागणीला थोडं वजन येतं.

आपल्याकडे हा मधला काळ जवळजवळ नसतोच. कायद्याने नोंदणी झाली की उमेदवाराला प्रशिक्षण केंद्राकडे रवाना केलं जातं. रायगड जिल्हा मुंबईच्या सैन्यभरती कार्यालयाखाली येतो. तिथून निघालेला मुलगा एका रेल्वेप्रवासात केंद्राच्या फाटकाशी पोचतो. काम बदलून घ्यायला मध्ये जागा कुठे उरली?

"पहिले तीन महिने ट्रायल असतात, पटलं नाही तर परत येता येतं"

हा समज कायद्याच्या एका कलमाच्या उलट्या वाचनातून आलेला दिसतो, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

लष्करी कायदा १९५० चा आहे. त्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणी अधिकाऱ्याने सेवेच्या अटी उमेदवाराला समजावून सांगायच्या, फॉर्ममधले प्रश्न विचारायचे आणि खोटं उत्तर दिल्यास शिक्षा होते हे आधी बजावायचं. ही शिक्षा कलम ४४ मध्ये आहे आणि ती पाच वर्षांच्या कैदेपर्यंत जाऊ शकते. सही झाली की मुलगा या कायद्याखाली आला. नंतर कलम १५ येतं, आणि तीन महिन्यांचा उल्लेख त्यात आहे. नोंदणी झालेला म्हणून ज्याने सलग तीन महिने पगार घेतला, त्याची नोंदणी रीतसर झाली असं धरलं जातं. नोंदणीत काही त्रुटी राहिली होती, मला सोडा, असं त्याला पुढे म्हणता येत नाही. म्हणजे ते तीन महिने उमेदवाराला मन बदलण्यासाठी दिलेले नाहीत. ते संपले की उलट एक दार बंद होतं.

अग्निपथ योजनेतून भरती झालेल्या अग्निवीरांच्या सेवाशर्ती यापुढे जाऊन स्पष्ट सांगतात की, मुदत संपण्याआधी स्वतःच्या विनंतीवरून सेवा सोडता येणार नाही. अत्यंत अपवादात्मक प्रसंगी सक्षम अधिकाऱ्याच्या मंजुरीनेच सुटका होईल. 'मला क्लार्क व्हायचं होतं' हा असा प्रसंग नव्हे. आणि उमेदवार अठरा वर्षांचा नसेल तर नोंदणी फॉर्मवर आई-वडिलांची किंवा पालकांची सही लागते. वाडीतलं काम बाजूला ठेवून आलेल्या बापाने ती सही करण्याआधी सगळी पानं शांतपणे वाचावीत, न समजलेलं विचारावं. समजावून सांगणं हे समोरच्या अधिकाऱ्याचं कर्तव्यच आहे.

सही होण्याच्या आधी मात्र मुलगा या कायद्याखाली नसतो. खरोखरच वाट चुकली आहे अशी खात्री असेल तर जायला नकार देता येतो. त्याची किंमत अशी की त्या वर्षाची निवड हातची जाते आणि पुढच्या वेळी सगळं पहिल्यापासून: अर्ज, २५० रुपये फी, लेखी, ग्राउंड, मेडिकल. वयाची मर्यादा जवळ आली असेल तर हा जुगार खेळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

"रायगडचा मुलगा म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच"

प्रवर्ग वेगळा आणि रेजिमेंट वेगळी, हे घरोघरी गल्लत होणारं दुसरं प्रकरण. प्रवर्ग आपण निवडतो, रेजिमेंट किंवा दल सैन्य ठरवतं. सेवाशर्तींत लिहिलेलं आहे की अग्निवीराला कोणत्याही रेजिमेंटमध्ये किंवा युनिटमध्ये पाठवता येईल आणि संघटनेच्या गरजेनुसार पुढे बदलीही करता येईल. त्यामुळे जीडीतून निवड झालेला मुलगा बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात जाऊ शकतो, नाशिक रोडला तोफखान्याच्या केंद्रात जाऊ शकतो, किंवा अहिल्यानगरला मेकनाइज्ड इन्फंट्रीच्या केंद्रात. बेळगावचं नाव ऐकून वाढलेल्या मुलाला दुसरं केंद्र मिळालं की वाईट वाटतं आणि ते मी समजू शकते. पण त्याला 'माझा ट्रेड बदलला' असं म्हणू नये, कारण रेजिमेंटचं आश्वासन फॉर्ममध्ये कुणी दिलेलंच नव्हतं.

माजी किंवा आजी सैनिकाच्या मुलांसाठी आणि भावांसाठी रेजिमेंटच्या केंद्रांवर युनिट हेडक्वार्टर कोट्यातून वेगळी भरती होते. घरात अशी पार्श्वभूमी असेल तर हव्या त्या रेजिमेंटच्या जवळ जायचा सरळ रस्ता तो आहे, आणि तोही आधी धरायचा असतो.

नौदलाचं काय?

या किनाऱ्यावर नौदलाची ओढ जास्त, आणि ते साहजिक आहे. अलिबागसमोर कुलाबा किल्ला, मांडव्याहून निघालं की पलीकडे मुंबईचं बंदर, आणि मुंबईतला नौदलाचा तळ कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा. गैरसमज असा की नौदलात शिरताना आपण इंजिनरूम, तोफखाना किंवा रडार निवडतो.

निवड एसएसआर (सिनियर सेकंडरी रिक्रूट) की एमआर (मॅट्रिक रिक्रूट) एवढीच असते. एसएसआरसाठी गणित आणि भौतिकशास्त्र घेतलेली बारावी लागते. वैद्यकीय सहायकांची भरती वेगळी असते आणि तिला जीवशास्त्र लागतं. एमआरला दहावी चालते, पण तिथे काम शेफ, स्टुअर्ड किंवा हायजिनिस्टचं असतं. 'आधी एमआरमधून आत शिरू, मग तांत्रिक शाखेत सरकू' हा बेत घेऊन कुणी जाऊ नये. प्रत्येकाचं प्राथमिक प्रशिक्षण ओडिशातल्या आयएनएस चिल्कावर होतं. अग्निवीरांची पहिली तुकडी तिथून २८ मार्च २०२३ रोजी बाहेर पडली. त्यानंतर ट्रेडचं शिक्षण: इंजिनियरिंग असेल तर लोणावळ्याला आयएनएस शिवाजी, वीज विभाग असेल तर जामनगरला आयएनएस वलसुरा, तोफा असतील तर कोचीला आयएनएस द्रोणाचार्य. यातली कोणती वाट मिळेल ते नौदलाच्या गरजेवर ठरतं. प्रशिक्षणाआधी बदलायला मुळात हातात ट्रेडच नसतो.

हवाई दलातही अग्निवीरवायूला, म्हणजे तिथल्या अग्निवीराला, संघटनेच्या हितासाठी कोणतंही काम देता येतं, असं अटींतच आहे.

मुलींनी एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवावी. लष्करात अग्निवीर म्हणून मुलींची भरती मिलिटरी पोलिसांत होते आणि प्रशिक्षण बंगळूरूला असतं. तंत्रशाखेची आवड असलेल्या मुलीने 'आधी जाऊ, मग टेक्निकल मागू' असं ठरवू नये. तिच्यासाठी नौदलाचं एसएसआर उघडं आहे. चिल्काच्या त्या पहिल्या तुकडीतही मुली होत्या.

"ओळख असेल तर होतं"

हा समज सगळ्यात महाग पडतो. निकाल आणि रवानगी यांच्या मधल्या दिवसांत घरी फोन येतात: क्लार्क करून देतो, हवं ते सेंटर देतो, एवढे एवढे द्या. प्रवर्ग बदलण्याची पद्धतच नसल्यामुळे तो बदलून देणारा माणूस खरा असूच शकत नाही. त्या पैशासाठी नारळ-सुपारीच्या बागेवर कर्ज काढायची वेळ कुणावर येऊ नये. एनसीसीचं प्रमाणपत्र, खेळाडू म्हणून मिळालेली सवलत, माजी सैनिकाचा नातेवाईक असल्याचा दाखला, या सगळ्यांचा उपयोग निवड होण्यापूर्वी आहे आणि तो नियमांत लिहिलेला आहे. यादी लागल्यावर त्यांच्या जोरावर काम बदलत नाही.

केंद्रात पोचल्यावर

बदल अजिबात होत नाहीत असंही नाही. ते उमेदवाराच्या आवडीने होत नाहीत, इतकंच. प्रशिक्षणात मागे पडलेल्या रिक्रूटला नंतरच्या तुकडीत ढकलतात. नियमित सेवेत वैद्यकीय कारणाने किंवा गरजेनुसार ट्रेड बदलतात, त्याला रिमस्टरिंग म्हणतात. आणि चांगला सैनिक होण्याची शक्यता दिसत नाही असं ठरलं तर शपथविधीपूर्वीच १९५४ च्या लष्करी नियमांतल्या नियम १३ खाली घरी पाठवता येतं. 'मुद्दाम नापास झालो की दुसरं काम देतील' असा सल्ला कुणी देत असेल तर त्याचा शेवट बहुधा या नियमापाशी होतो.

अधिकारी होणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. डेहराडूनच्या अकादमीतल्या कॅडेटला पायदळ, तोफखाना की सिग्नल्स हा पसंतीक्रम प्रशिक्षणाच्या शेवटी द्यायचा असतो आणि तो गुणवत्ता व जागा पाहून मिळतो. जवानाला हा विचार अर्ज भरतानाच पुरा करावा लागतो.

नागावपासून अलिबाग नऊएक किलोमीटर. तिथे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे आणि गावागावांत निवृत्त फौजी आहेत. नोंदणी सुरू होण्याच्या महिनाभर आधी दहावी-बारावीचं गुणपत्रक, आयटीआयचं प्रमाणपत्र आणि नीट मोजलेली उंची घेऊन त्यांच्याकडे जावं, आणि कुठल्या दोन प्रवर्गांत आपण बसतो ते विचारून घ्यावं.