स्मिथ, जिमी

(८ डिसेंबर १९२५ – ८ फेब्रुवारी २००५). अमेरिकन जॅझ ऑर्गनवादक व सोल जॅझ शैलीचा एक प्रवर्तक. पूर्ण नाव जेम्स ऑस्कर स्मिथ. जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील नॉरिसटाउन येथे. जन्मवर्ष १९२८ असेही दिले जाते. आरंभी तो पियानो वाजवी. नौदलातील नोकरीनंतर त्याने फिलाडेल्फियात संगीताचे शिक्षण घेतले. पुढे वाइल्ड बिल डेव्हिसचे वादन ऐकून तो हॅमंड ऑर्गनकडे वळला.

लॉरेन्स हॅमंडने १९३५ मध्ये बाजारात आणलेले हे विद्युत् वाद्य नळ्यांच्या खर्चिक ऑर्गनला पर्याय म्हणून अनेक चर्चनी घेतले. मराठी रंगभूमीवरील ऑर्गनसारखे भाता व पत्त्या त्यात नसतात. मोटारीने फिरणाऱ्या दातेरी चकत्या चुंबकांजवळून जाताना त्यात स्वर उत्पन्न होतो. फॅट्स वॉलर, काउंट बेसी यांनी ऑर्गन जॅझमध्ये आणला होता; तथापि द्रुत गतीच्या बीबॉपला हे वाद्य जड मानले जाई. स्मिथने ते एका गोदामात ठेवून सुमारे वर्षभर एकट्याने सराव केला. उजव्या हाताने तो सॅक्सोफोनवादकाप्रमाणे सलग, चपळ स्वरावली वाजवी. डाव्या हाताने खर्जातील चालता ठेका धरी आणि पायपट्ट्यांवरील हलक्या आघातांनी त्याला उठाव देई. त्यामुळे बासवादकाची गरज उरली नाही. ऑर्गन, गिटार व ड्रम यांचा त्रिवाद्यमेळ लहान क्लबांना परवडणारा ठरला. सोल जॅझच्या प्रसारास ही व्यावहारिक बाबही कारणीभूत झाली.

१९५६ मध्ये ब्लू नोट या कंपनीने त्याच्या ध्वनिमुद्रिका काढण्यास प्रारंभ केला. ‘द सर्मन’ (ध्वनिमुद्रण १९५८) या सुमारे वीस मिनिटांच्या रचनेत साध्या ब्लूजवर संथपणे उभारलेला विस्तार आढळतो. ‘सर्मन’ म्हणजे प्रवचन. चर्चचे वाद्य क्लबात आले, तरी कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनासंगीताशी असलेले नाते सुटले नाही. ‘बॅक ॲट द चिकन शॅक’ (ध्वनिमुद्रण १९६०) हीही त्याची उल्लेखनीय ध्वनिमुद्रिका. १९६२ मध्ये तो व्हर्व्ह कंपनीकडे गेला. ऑलिव्हर नेल्सनच्या वाद्यवृंदासह वाजविलेल्या ‘वॉक ऑन द वाइल्ड साइड’ने त्याला लोकप्रियता दिली. वेस माँटगोमेरीबरोबरचे वादन वगळता या काळात पुनरावृत्ती वाढली. भरगच्च वाद्यवृंदात त्याचा खर्जही पुष्कळदा झाकला गेला.

१९७० नंतर सिंथेसायझरचा प्रसार झाला व १९७५ च्या सुमारास हॅमंडच्या जुन्या पद्धतीच्या ऑर्गनांचे उत्पादनही थांबले. स्मिथ या काळात लॉस अँजेल्स परिसरात स्वतःचा क्लब चालवीत असे. मायकेल जॅक्सनच्या ‘बॅड’ (१९८७) या गीतातील ऑर्गनवादन त्याचेच. २००५ मध्ये त्यास अमेरिकेचा ‘जॅझ मास्टर’ हा राष्ट्रीय सन्मान लाभला. त्याच वर्षी स्कॉट्सडेल (ॲरिझोना) येथे त्याचे निधन झाले. जोई डीफ्रान्सेस्को या तरुण ऑर्गनवादकासमवेत केलेली ‘लेगसी’ ही त्याची अखेरची ध्वनिमुद्रिका होय.