उतार म्हणजे लवचिकता नव्हे

मागच्या वेळी आपण मागणीचा वक्र काढला होता. आज त्यातून लवचिकतेचा आकडा कसा काढायचा ते पाहू. भाव एक टक्का बदलला तर मागणी किती टक्के बदलते, एवढाच तिचा अर्थ. आल्फ्रेड मार्शल यांच्या १८९० च्या ग्रंथामुळे ही संज्ञा रूढ झाली.

समजा, एका बाजारातल्या कांद्याच्या आकड्यांवर आपण रिग्रेशन रेषा बसवली: मागणी = २०० − २ × भाव. मागणी क्विंटलमध्ये, भाव किलोला रुपयांत. विद्यार्थी इथे हमखास −२ लाच लवचिकता म्हणतात. तो उतार झाला; भाव रुपयाने वाढला तर खप दोन क्विंटलने घटतो, इतकंच तो सांगतो. टक्क्यांत बोलायचं तर उताराला 'भाव भागिले मागणी' याने गुणायचं. भाव ४० असताना मागणी १२०, म्हणून लवचिकता सुमारे −०.६७. भाव ७० असताना मागणी ६०, लवचिकता −२.३३. रेषा तीच, बरं का! (दोन्हींचे लॉगरिदम घेऊन रेषा बसवली, तर मात्र उतार हीच लवचिकता.)

हा ०.६७ शेतकऱ्याला महागात पडतो. १२० क्विंटल ४० च्या भावाने गेले, ४ लाख ८० हजार आले. पुढच्या साली पीक भरघोस, १४० क्विंटल. ते खपायला भाव ३० वर यावा लागतो; हाती ४ लाख २० हजार.

पण ही रेषा मागणीचीच कशावरून? आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना खरा रस इथे. हेन्री मूर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९१४ साली मका, बटाटा यांच्या रेषा काढल्या. त्या खाली उतरल्या. पिग आयर्नची मात्र वर चढली. भाव वाढला की मागणी वाढते, हा नव्या प्रकारचा मागणी-वक्र आहे, असं त्याने मानलं. फिलिप राइटने लगेच पुढच्या वर्षी हरकत घेतली. मक्याचा पुरवठा पावसापाण्याने दरसाल हलतो, मागणी त्या मानाने स्थिर. म्हणून बिंदू मागणीच्या रेषेवरून सरकतात. लोखंडाचं उलट. तेजी-मंदीत मागणीच हलते, आणि बिंदू पुरवठ्याची रेषा आखून देतात. मूरने जे मोजलं ते मागणी नव्हतंच! गणित बिनचूक, नाव चुकीचं.

दोन्ही हलत असतील तर? १९२८ च्या आपल्या पुस्तकाच्या परिशिष्टात राइटने वाट दाखवली: फक्त पुरवठ्याला हलवणारी गोष्ट शोधा. जवसासाठी त्याने एकरी उतारा घेतला. एकरी उतारा बदलल्यामुळे भाव जेवढा हलला, तेवढ्यावरूनच मागणी वाचायची.